शेऱ्याचा रकाना

७ डिसेंबर २०२५ रोजी अबू धाबीच्या शर्यतीने फॉर्म्युला वनच्या हंगामाचा निकाल लागला, तेव्हा टिळकवाडीतील आमच्या घरी भाच्याची मित्रमंडळी दूरचित्रवाणीसमोर जमली होती. लँडो नॉरिस ४२३ गुणांनी अजिंक्य ठरला. मॅक्स व्हेरस्टॅपेन ४२१ गुणांवर राहिला आणि नॉरिसचाच संघसहकारी ऑस्कर पियास्त्री ४१० वर. शर्यत संपली आणि वाद पेटला. कोणीतरी सप्टेंबरमधल्या मोंझाच्या शर्यतीची आठवण काढली. तेथे नॉरिसची चाके बदलण्यास मॅक्लारेनच्या माणसांकडून विलंब झाला, त्यामुळे पियास्त्री पुढे गेला, आणि ‘जागा परत दे’ अशी संघाची आज्ञा त्याला झाली. त्याने ती पाळली. दुसऱ्या क्रमांकाला १८ गुण, तिसऱ्याला १५. ते तीन गुण नॉरिसच्या बेरजेतून वजा केले, तर उरतात ४२०. व्हेरस्टॅपेनपेक्षा एक कमी! पुढच्या आठ शर्यती मग तशाच झाल्या असत्या असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, हे खरे. पण कागदावरचा हिशेब असा आहे.

मी भुवया उंचावताच भाचा म्हणाला, “मामा, हा संघाचा खेळ आहे. संघाच्या हितापुढे एकट्याचे काय?” साऱ्या मंडळींनी माना डोलावल्या. हे वाक्य मी नोकरीच्या चार तपांत नसले तरी तीन तपांत इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याची तपासणी केल्यावाचून ते मान्य करणे मला जमत नाही.

संघाचे हित म्हणजे काय? फॉर्म्युला वनमध्ये संघांचे अजिंक्यपद वेगळे असते आणि त्यासाठी दोन्ही गाड्यांच्या गुणांची बेरीज होते. मोंझाला मॅक्लारेनच्या पदरात ३३ गुण पडले. जागांची अदलाबदल झाली नसती, तरी ३३च पडले असते. २००२ साली ऑस्ट्रियाच्या शर्यतीत आघाडीवर असलेल्या रुबेन्स बारिकेलोने अंतिम रेषेच्या तोंडाशी वेग कमी करून मायकेल शूमाकरला पुढे जाऊ दिले. फेरारीला १६ गुण मिळाले. एरवीही १६च मिळाले असते. २०१० साली हॉकेनहाइमला फिलिपे मासाने फर्नांडो अलोन्सोला वाट दिली. बेरीज ४३, आधीही आणि नंतरही. संघाच्या तिजोरीत एक गुणही वाढत नाही. वाढतो तो एका माणसाचा, आणि तो दुसऱ्या माणसाच्या खिशातून काढलेला असतो. याला संघहित म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे.

यावर उत्तर तयार असते, की चालकाचे अजिंक्यपद हीही संघाची प्रतिष्ठाच. ठीक. मग ऑस्ट्रियाचा हिशेब तपासू. ती हंगामातील १७ पैकी सहावी शर्यत होती. शूमाकरने जुलैतच अजिंक्यपद निश्चित केले आणि हंगाम संपताना त्याचे १४४, तर बारिकेलोचे ७७ गुण होते. त्या आज्ञेची गरज कोणाला होती? प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. शूमाकरने संकोचून बारिकेलोला व्यासपीठाच्या वरच्या पायरीवर उभे केले. पुढे दहा लाख डॉलरचा दंड झाला, तोही आज्ञेबद्दल नव्हे, तर व्यासपीठावरचा शिष्टाचार मोडल्याबद्दल! हॉकेनहाइमची कथा अधिक करुण आहे. मासाला प्राणघातक ठरू शकणारा अपघात झाला, त्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष पूर्ण होत होते. ती जिंकत आलेली शर्यत त्याने सोडली. पुढे त्याला एकही शर्यत जिंकता आली नाही. आणि अलोन्सो? त्याचे अजिंक्यपद चार गुणांनी हुकलेच.

त्याग मला अमान्य नाही. १९५६ साली मोंझालाच पीटर कॉलिन्सने स्वतःच्या अजिंक्यपदाची संधी असताना आपली गाडी फांजिओच्या हवाली केली. ती त्याने आपण होऊन दिली, म्हणून सत्तर वर्षे त्याचे नाव आदराने घेतले जाते. मागून मिळते ती वसुली. तिला दानाचा मान कसा मिळावा?

म्हणून आज्ञांवर बंदी घालावी, असेही मी म्हणत नाही. २००३ पासून २०१० पर्यंत तशी बंदी होतीच. तिने आज्ञा थांबल्या नाहीत, त्या सांकेतिक झाल्या. “फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगवान आहे” एवढेच मासाला कळवले गेले आणि त्याला उमजायचे ते उमजले. २०११ पासून बंदी उठली, ते बरेच झाले. उघड आज्ञा निदान प्रामाणिक तरी असते.

माझे मागणे लहान आहे. आमच्या कचेरीतील तक्ते कानडी असोत वा मराठी, त्यांचा शेवटचा रकाना ‘शेरा’ हाच. शर्यतीच्या निकालपत्रकातही तो असावा आणि त्यात लिहावे : ‘संघाच्या आज्ञेवरून जागा दिली.’ गुण बदलू नका. फक्त नोंद करा. ‘शूमाकर’ म्हणावे की जर्मन उच्चाराप्रमाणे ‘शूमाखर’, यावर तासभर हुज्जत घालणाऱ्या रसिकांना बारिकेलोच्या नावापुढे खरी नोंद असावी, याचीही थोडी आस्था हवी.

ही आस्था मला कोठून आली, तेही सांगतो. सेवेत असताना एका तालुक्यातील तलावांचा अहवाल मी आठ महिने खपून तयार केला. तो वर जाताना त्यावर दुसऱ्याचे नाव घालावे, अशी तोंडी आज्ञा झाली. कारण तेच : खात्याचे हित. अहवाल तोच राहिला, खात्याला मिळणारे श्रेयही तेवढेच. मी लेखी आज्ञा मागायला हवी होती, मागितली नाही. त्या भित्रेपणाचा दोष माझा. पण आज ती फाइल कोणी उघडली, तर तिच्यात माझा त्याग दिसणार नाही आणि माझा भित्रेपणाही दिसणार नाही. शेऱ्याचा रकाना कोरा आहे.