जपमाळेतील गुंज

जपमाळ म्हटली की तुळशीचे काष्ठमणी किंवा रुद्राक्ष डोळ्यांपुढे येतात. रुद्राक्ष ही निळ्या फळातील कठीण आठळी होय. बौद्धांचे बोधिमणी पिंपळाच्या बीजाचे, असा समज आहे. परंतु पिंपळाचे बी मोहरीहूनही बारीक, त्यात दोरा कसा ओवावा? नेपाळातील ते मणी बोरीच्या जातीच्या एका झाडाचे आहेत.

लाल अंगाची, काळ्या डोळ्याची गुंजही माळेत ओवली जाते. सोनार तिने सोने तोलीत. ८ गुंजांचा १ मासा. तिच्या लॅटिन शास्त्रीय नावातही प्रार्थनेचाच अर्थ आहे. परंतु तिच्या पोटी आब्रिन नावाचे जहाल विष आहे. अखंड गुंज गिळली गेली, तर टणक टरफलामुळे ती बहुधा तशीच बाहेर पडते. चावली वा भोक पाडले, की विषाला वाट मिळते. आणि माळेतील गुंजेला भोक असतेच! या विषावर खास उतारा नाही.

म्हणून वाचकहो, पिढ्यान्‌पिढ्या जपलेली अशी माळ घरी असल्यास ती बालकांच्या हाती लागू देऊ नये. एखादे मूल मणी चघळताना दिसल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. नामस्मरणास तुळस पुरेशी आहे.