पवनेची जलवाहिनी: आधी नदीचा वाटा

पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी सुरू झालं ते 25 नोव्हेंबर 2019 पासून. तेव्हा तात्पुरती म्हणून केलेली सोय वर्षानुवर्षं तशीच राहिली. नव्या सोसायट्यांच्या महिन्याच्या हिशेबात टँकरचं बिल आता विजेच्या बिलाइतकंच ठरलेलं असतं. म्हणून पवना धरणापासून निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत सुमारे 35 किलोमीटरची बंद जलवाहिनी टाकायचा विषय निघाला की शहरातला माणूस विचारतो, यात वाद घालण्यासारखं आहे तरी काय?

वाद आहे, आणि त्यात माणसं गेली आहेत. 9 ऑगस्ट 2011 रोजी मावळातले शेतकरी या जलवाहिनीविरुद्ध बऊरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला, तिघांचा जीव गेला; त्यांत एक महिला होती. काम थांबलं. बारा वर्षांनी, 2023 मध्ये, सरकारने स्थगिती उठवली, पण नदीत किती पाणी राहणार, हा जो प्रश्न बऊरला विचारला गेला त्याचं उत्तर तेव्हाही मिळालं नाही आणि स्थगिती उठवतानाही मिळालं नाही.

तुंग आणि तिकोन्याच्या पायथ्याशी असलेल्या या धरणाचा उपयुक्त साठा साधारण साडेआठ टीएमसी. धरणातून सोडलेलं पाणी नदीपात्रातून काले, शिवणे, बेबडओहोळ, गहुंजे करत रावेतच्या बंधाऱ्याला येतं आणि तिथून महापालिका रोज सुमारे 500 दशलक्ष लिटर उचलते. पावसाळ्यात नदी आपसूकच भरून वाहते. उरलेल्या आठ महिन्यांचा हिशेब केला तर हा उपसा सव्वाचार टीएमसीच्या घरात जातो. म्हणजे बाष्पीभवन आणि वाटेतली घट सोडूनही धरणाचा निम्मा साठा एकट्या शहराचा.

शहराची बाजू पोकळ नाही. पात्रातून येताना पाणी जमिनीत मुरतं, त्यामुळे रावेतला जेवढं हवं त्याहून जास्त धरणातून सोडावं लागतं. मावळातली गावं झपाट्याने वाढली, जागोजागी गृहप्रकल्प उभे राहिले, आणि त्यांचं सांडपाणी बरेचदा सरळ ओढ्यातून नदीत येतं. उन्हाळ्यात रावेतच्या बंधाऱ्यावर जलपर्णीचा हिरवा थर साचतो. ती हटवायची, मग पाणी उचलायचं, मग ते शुद्ध करायचं. ज्या घरात लहान मूल आहे त्या घराला धरणाचं स्वच्छ पाणी थेट हवंसं वाटणं यात काहीच गैर नाही.

पण पात्रात जे ‘मुरतं’ त्यावर काठच्या विहिरी टिकून आहेत. नदीवर बसवलेल्या मोटारींवर ऊस उभा आहे, भाजीपाला उभा आहे. शहराच्या कागदावर जी घट, तीच मावळाची ओल. आज शहरासाठी पाणी सोडावंच लागतं, म्हणून नदी वाहते. उद्या शहराचं पाणी नळातून गेलं तर नदीत किती सोडायचं, हे कोण ठरवणार? ‘नदी कोरडी पडू देणार नाही’ हे तोंडी आश्वासन शेतकऱ्याला पुरत नाही, आणि पुरू नये. धरणात जमिनी गेलेल्यांपैकी शेकडो कुटुंबांचं पुनर्वसन अर्धं शतक उलटूनही झालेलं नाही. त्यांच्या शेजाऱ्यांना सरकारी शब्दावर विसंबा म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं?

आणखी एक गोष्ट मला या वादात सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती फारशी बोलली जात नाही. रावेतच्या वरची पवना अजून नदी आहे. रावेतच्या खाली, चिंचवड, पिंपरी, कासारवाडीतून जाणारी तीच पवना सांडपाण्याने काळी पडते. वरचं पाणी आपण पितो म्हणून त्याची काळजी करतो, हे या फरकाचं एक मोठं कारण आहे. शहराने रावेतचा उपसा सोडून दिला की वरची नदी स्वच्छ ठेवण्यात त्याचा स्वार्थ उरणार नाही. यावर कुणी म्हणेल, नदी जपायची म्हणून लोकांनी घाण पाणी का प्यावं? प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या मते त्याचं उत्तर निम्मं-निम्मं आहे: काही पाणी वाहिनीने आणा, पण रावेतचा उपसा पूर्ण बंद करू नका.

पर्याय नाहीतच असंही नाही. आंद्रा धरणातून रोज 100 आणि भामा आसखेडमधून 167 दशलक्ष लिटर पाणी शहराला मंजूर आहे. आंद्राचं पाणी इंद्रायणीवर निघोजे इथे उचलून चिखलीला शुद्ध होतं. पण भामा आसखेडही रिकामं पडलेलं धरण नव्हे. त्याचं पाणी जानेवारी 2021 पासून पुण्याच्या पूर्व भागाला जातंय, आणि तेही खेडच्या धरणग्रस्तांचा विरोध पोलीस बंदोबस्तात मोडून. चाकणच्या कारखान्यांभोवतीची वस्ती वाढतेच आहे, तिलाही पाणी लागणार. मुळशी धरणाकडे बोट दाखवणं सोपं, पण ते पाणी टाटांच्या वीजनिर्मितीसाठी घाट उतरून कोकणात जातं. ते वळवायचं तर राज्य सरकारला टाटांशी बसून ठरवावं लागेल, आणि ते एका उन्हाळ्यात होणारं काम नाही.

तेव्हा जलवाहिनीला माझा सरसकट विरोध नाही. कामाचा क्रम मात्र उलटा हवा. महिन्यागणिक नदीत किमान किती विसर्ग राहील, हे जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या आदेशाने आधी ठरावं आणि दुष्काळी वर्षी शहराचा वाटाही त्याच प्रमाणात कमी व्हावा. उरलेल्या धरणग्रस्तांना जमीन किंवा मोबदला खोदाईपूर्वी मिळावा. नव्या सोसायट्यांना भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी पाण्याची तजवीज तपासली जावी, आणि गळती व बेकायदा नळजोडांचा हिशेब महापालिकेने दरवर्षी प्रभागवार मांडावा. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांना, जिथे चालेल तिथे, प्रक्रिया केलेलं सांडपाणी द्यावं. धरणाचं पाणी कूलिंग टॉवरमध्ये ओतण्याचं काही कारण नाही. यातली बरीच कामं मावळात एक फावडं न मारताही होण्यासारखी आहेत, आणि ती महापालिकेच्या हातात आजही आहेत.