गोंगाटाला ध्वनी म्हणू नका!

'ध्वनिप्रदूषण' हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत इतका रुळला आहे की त्यात काही चुकते आहे असे कुणाला वाटतच नाही. मला वाटते! मूळ इंग्रजी शब्द 'नॉईज पोल्युशन' आहे, 'साऊंड पोल्युशन' नव्हे. केंद्र सरकारचे २००० सालचे नियमही 'नॉईज'विषयीच आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यातलीच.

इंग्रजीने हे दोन शब्द वेगळे ठेवले, ते उगाच नाही. 'साऊंड' लॅटिन 'सोनस'वरून आला. आपला 'स्वन' त्याचाच भाऊबंद. शब्द तटस्थ, ना चांगला ना वाईट. 'नॉईज' आला जुन्या फ्रेंचमधून. तिथे त्याचा अर्थ कलकलाट, भांडण. आणि अनेक कोशकार त्याचे मूळ लॅटिन 'नॉशिआ'त शोधतात. म्हणजे चक्क बोट लागणे! 'लाऊड'च्या मुळाशी 'ऐकलेले' हा अर्थ आहे. संस्कृत 'श्रुत' त्याच धातूच्या घरातला. (म्हणून इंग्रजी संस्कृतातून निघाली असे सांगत फिरू नये. दोघी एका आजीच्या नाती, एवढेच.)

आता आपला 'ध्वनी' बघा. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिला आणि न बोलता उमगणाऱ्या अर्थाला हे नाव दिले. रात्री दोन वाजता हणजूणच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या दणदणाटात न बोललेले असे काय उरते? आणि दोष फक्त किनाऱ्याला कशाला? आपल्या जत्रांतले कर्णेही त्याच माळेचे मणी.

कुणी म्हणेल, शब्दात काय आहे? कानाला त्रास तो त्रासच. नाही हो! आरोपी कोण, हे शब्दच ठरवतो. 'ध्वनी' म्हटले की प्रश्न यंत्रावरच्या आकड्याचा होतो आणि आयोजक साळसूदपणे म्हणतो, "आमचे तर संगीत आहे." 'गोंगाट' म्हटले की ऐकणाऱ्याचा कान साक्षीला उभा राहतो. 'नॉईज'मध्ये तो साक्षीदार आहे. आपण भाषांतर करताना त्यालाच घरी पाठवला.

गोंगाट, कोलाहल, कलकलाट, दणदणाट... मराठीला शब्दांची ददात नाही. संपादकांनो, 'ध्वनिप्रदूषण' खोडा आणि 'गोंगाट' लिहा. बिचाऱ्या ध्वनीने कुणाचीही झोप मोडलेली नाही.