स्वस्त डिझेलचा महाग हिशेब

मंडळी, 'जुनी डिझेल घ्या, स्वस्त पडते' म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न: रोजचे रनिंग किती? जन्मभर मुलांना 'आधी प्रश्न नीट वाचा' सांगितले आणि मीच तो वाचला नाही. साठवलेल्या पेन्शनमधून बीएस-६, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची जुनी गाडी घेतली. फेरी कोणती? मंडई आणि सौ.चा दवाखाना, तीन किलोमीटर!

एवढ्यात इंजिन पुरते तापतच नाही. सायलेन्सरच्या वाटेवरच्या डीपीएफ नावाच्या गाळणीत काजळी साठत जाते. ती जळायला हमरस्त्यावर सलग धाव लागते. शेवटी दिवा लागला आणि दुरुस्तीत सगळी बचत गेली.

विकणाऱ्याने हे लपवले, ती लबाडीच. पण 'ॲव्हरेज किती देते?' यापुढे काहीच न विचारणारे आपण कुठले शहाणे? रनिंग कमी असेल तर पेट्रोलच घ्या. असो.