तिकिटाची कड

गेल्या महिन्यांत दिंडोरीस आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. तो वाचकांच्या कानीं घालावा असें वाटल्यावरून या खेपेस हा विषय घेतला आहे.

आमच्या कैलासवासी तीर्थरूपांनीं जन्मभर टपालाचीं तिकिटें जमविलीं होतीं. त्यांच्या पश्चात् ती वही पेटींत पडून राहिली. धाकट्या पुतण्याच्या कॉलेजची फी भरण्याची वेळ आली, तेव्हां सर्वांना तिची आठवण झाली. वहींत पंचम जॉर्ज बादशहाचें एक आण्याचें एक तिकीट होतें. त्याच्या चारी कडा सरळ; दांत्यांचा मागमूस नाहीं. खालीं तीर्थरूपांच्या अक्षरांत ‘बिनदांत्यांचें, दुर्मिळ’ असा शेरा होता, आणि भारी किंमत देऊन घेतल्याची नोंदही होती. पुतण्या म्हणाला, “काका, एवढें एक विकलें तरी वर्ष निभावेल.”

तिकिटांना आरंभापासून दांते नव्हते. त्या वेळीं मुंबई इलाख्यांत असलेल्या सिंध भागांत 1852 सालीं निघालेलीं तिकिटें आणि 1854 सालीं कलकत्त्यास शिळाछापावर छापलेलीं तिकिटें कात्रीनेंच कापावीं लागत. पुढें 1855 पासून लंडनच्या डी ला रू कंपनीकडून येऊं लागलेल्या तिकिटांस भोंकांच्या ओळी आल्या. 1925 सालीं नाशिक रोड येथें सरकारी छापखाना स्थापन झाला, आणि पुढल्या सालापासून पंचम जॉर्जचीं तिकिटें आमच्याच जिल्ह्यांत छापलीं जाऊं लागलीं. उजेडासमोर धरल्यास नाशिकच्या कागदांत अनेक तारे दिसतात. त्यापूर्वीं लंडनला छापलेल्या पंचम जॉर्जच्या तिकिटांत एकच तारा असे. आमच्या तिकिटांत अनेक तारे दिसले, म्हणजे तें नाशिकचें खरें. प्रश्न फक्त कडेचा होता.

एखाद्या तावावर भोंकें पाडावयाची राहून गेलीं, तर त्यांतील तिकिटांमधली कोरी जागा जशीच्या तशी राहते. म्हणून असें तिकीट दांतेरी तिकिटाच्या एका टोकाच्या दांत्यापासून दुसऱ्या टोकाच्या दांत्यापर्यंत तरी रुंद भरलें पाहिजे. आम्हीं वहीच्या त्याच पानावरील साधें दांतेरी तिकीट काढलें आणि त्यावर हें ठेविलें. चारी बाजूंनीं दांत्यांचीं टोकें बाहेर डोकावूं लागलीं! कोणीतरी चार पैशांच्या तिकिटाचे दांते कातरून तें दुर्मिळ म्हणून तीर्थरूपांच्या गळ्यांत बांधलें होतें. याच कारणास्तव जाणते लोक बिनदांत्यांचें एकटें तिकीट घेत नाहींत. दोन जोडलेलीं असलीं तरच घेतात.

याच्या उलट लबाडीही चालते. सरळ कडेला नवे दांते पाडतात. ती ओळखावयास भिंग आणि मोजपट्टी पुरते. दोन सेंटिमीटरांत भोंकें किती, हें तिकिटाचें माप. 1866 सालीं पॅरिसचे डॉक्टर लग्रां यांनीं ही मोजणी सुरू केली. नाशिकच्या या तिकिटांचें माप 14 आहे. कंगव्यासारख्या यंत्रानें एका ओळीच्या तीन बाजूंचीं भोंकें एकदम पडतात. त्यामुळें समोरासमोरचीं भोंकें जुळतात आणि चारी कोपरे सारखे येतात. मागाहून पाडलेली ओळ बहुधा किंचित् तिरपी जाते, भोंकें लहानमोठीं होतात, एखादा कोपरा जाड राहतो. फाडून सुटे केलेल्या दांत्याच्या टोंकास कागदाचे मऊ तंतू असतात. सरळ कडेवर पाडलेल्या दांत्यांचीं टोंकें सपाट असतात. पाठीला नवा गोंद लावलेला असल्यास तो दांत्यांच्या टोंकांत मुरून कडक होतो आणि बोटास टोंचतो.

हें सर्व पाहून पुतण्या हिरमुसला. “घेणाऱ्याला काय कळणार? तसेंच देऊं,” असें तो बोलून गेला. आमच्या मातोश्री जपमाळ थांबवून म्हणाल्या, “अरे, तुझ्या आजोबांना ज्यानें फसविलें, त्याच्या पंक्तीस आपण बसायचें होय?” त्यावर कोणी बोललें नाहीं.

शेवटीं वहींतील इतर तिकिटें तपासून, आहेत तशीं सांगून विकलीं. रक्कम बेताचीच आली. उरलेली फी आम्हां तिघां भावांनीं वांटून घेतली. तें तिकीट मात्र घरींच आहे. तीर्थरूपांच्या शेऱ्याखालीं पुतण्यानें आपल्या हातानें लिहिलें आहे: ‘दांते कापलेले. विकूं नये.’

ज्या घरांत अशा वह्या असतील, त्यांनीं दुर्मिळ तिकिटाशेजारीं त्याच जातीचें एक साधें तिकीट अवश्य ठेवावें. आमच्या वहींत तें त्याच पानावर होतें. शेजारीं ठेवून पाहण्याचें मात्र इतक्या वर्षांत कोणासच सुचलें नाहीं.