घराचा नकाशा काढण्याआधी एक पावसाळा थांबा

मुळशी, पवना, कर्जत, अलिबाग, दापोली या भागांत मुंबई-पुण्याची माणसं गेली काही वर्षं जमिनी घेऊन घरं बांधताहेत. समोर धरणाचं पाणी, डोंगररांग किंवा समुद्र दिसतो म्हणून जमिनीला चढा भावही मोजतात. आयुष्यभराच्या कमाईतून असं एखादं देखणं, ऐसपैस घर व्हावं असं वाटण्यात गैर काहीच नाही. पण ज्या दृश्यासाठी पैसे मोजले त्याचीच नासाडी करून उभी राहिलेली घरं आता ठिकठिकाणी दिसतात, आणि त्यांतली कित्येक राहायलाही सुखाची नाहीत. म्हणून असं घर बांधायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाला कळकळीचं सांगणं आहे: नकाशाची घाई करू नका. जमिनीवर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या, तो स्वतः जाऊन बघा आणि मग आर्किटेक्टसमोर बसा.

प्लॉट बघायला आपण बहुतेक दिवाळीनंतर जातो. आकाश निरभ्र, हवा थंड, समोर सगळं लख्ख दिसत असतं. जुलैत तीच जागा ओळखू येत नाही. ढग खाली उतरलेले असतात आणि पाऊस आडवा येतो. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला. हा पाऊस वाऱ्यासोबत नैऋत्येकडून येतो. आणि ज्याला ‘सनसेट व्ह्यू’ म्हणून जास्त पैसे पडतात ते दृश्यही पश्चिमेलाच असतं. म्हणजे मावळतीकडे जमिनीपासून छतापर्यंत काच लावली की चार महिने तिच्यावर झडीचा मारा, आणि उरलेले आठ महिने दुपारचं ऊन. चारनंतरचं ऊन तिरपं येतं, वरचा छज्जा त्याला अडवू शकत नाही. ते एकदा काचेतून आत आलं की पडदा ओढूनही खोली तापायची थांबत नाही. शेवटी एसी सुरू होतो आणि पडदे दिवसभर बंद राहतात.

यावरचा उपाय आपल्याकडे जुनाच आहे. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत ‘कांचनजंगा’ ही आलिशान घरांची उंच इमारत बांधली, ती 1983 मध्ये पूर्ण झाली. त्यांच्यापुढेही हाच पेच होता. समुद्राचं दृश्य आणि वारा पश्चिमेला, आणि तापतं ऊन आणि पाऊसही तिकडूनच. जुन्या बंगल्यांना चारी बाजूंनी व्हरांडे असायचे. कोरिया यांनी तीच युक्ती उंच इमारतीत आणली आणि घरांच्या कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या, खोल, झाडं लावता येतील अशा गच्च्या दिल्या. राहत्या खोल्या त्यांच्या आड मागे सरकल्या. तुमचं घर बैठं आहे, तुम्हाला तर हे जास्तच सोपं. दृश्याच्या बाजूला निदान आठ-दहा फूट खोल पडवी ठेवा, तिच्यावर उतरतं कौलारू छप्पर घ्या, बाहेरच्या कडेला चिकाचे पडदे सोडायची सोय करा. ऊन काचेच्या बाहेरच अडलं पाहिजे. मग जुलैतही पडवीत बसून पागोळ्या बघता येतील. महाबळेश्वरात पूर्वी पावसाळ्याआधी बंगल्यांच्या भिंती गवताने शाकारून घेत, ते हौसेखातर नव्हे. पावसाची बाजू कोणती हे तिथल्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट उताराची. जेसीबी बोलावून डोंगर कापायचा, निघालेली माती पुढच्या अंगाला ओतायची आणि तयार झालेल्या सपाटीवर घर बांधायचं, ही सर्रास चाललेली पद्धत आहे. यात घराचा मागचा भाग मूळच्या घट्ट जमिनीवर येतो आणि पुढचा, म्हणजे नेमका दृश्याकडचा, भरावावर. भराव दरवर्षी थोडाथोडा बसतो आणि दोन्हींच्या सांध्यावर भिंती तडकतात. मागे कापलेल्या उताराला रिटेनिंग वॉल घालतात. तिच्यात पाणी निघून जायला भोकं आणि पाठीमागे दगडगोट्यांचा थर नसेल तर पावसाचं पाणी भिंतीमागे तुंबतं आणि त्याच्या दाबाने भिंतीला फुगा येतो. माळीण (2014), तळिये (2021), इर्शाळवाडी (2023) इथल्या दरडींच्या दुर्घटनांची कारणं एकसारखी नसतील. पण मुसळधार पावसात आपले उतार किती नाजूक होतात हे त्या गावांनी फार मोठी किंमत देऊन दाखवलं आहे. पाच फूट आडवं जाताना एक फूट चढ, म्हणजे 1:5 किंवा त्याहून तीव्र उतारावर राज्याच्या नियमावलीनुसार सहसा बांधकामाला परवानगी मिळत नाही. पळवाट शोधू नका. त्याहून सौम्य उतारावरही घर पायऱ्यापायऱ्यांनी उतरवा. दिवाणखाना वर, झोपायच्या खोल्या चार पायऱ्या खाली.

माथ्यावर तर घर बांधूच नका. अमेरिकेतले वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांनी 1911 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये ‘टॅलिएसिन’ हे स्वतःचं घर बांधलं, तेव्हा टेकडीचा माथा मोकळा ठेवला आणि घर त्याखालच्या कुशीत बसवलं. सह्याद्रीत याला आणखी एक कारण आहे: माथ्यावर वारा सर्वांत जास्त झोडपतो. आणि तुमच्या घरातून जसं दृश्य दिसतं तसं तुमचं घरही दुसऱ्यांच्या दृश्यात असतं. तिकोना किल्ल्यावर चढून पवना धरणाकडे बघणाऱ्याच्या डोळ्यांना डोंगराची रेघ अखंड दिसली पाहिजे. पांढराशुभ्र रंग टाळा. जांभा, काळा दगड, मातकट गिलावा उतारात मिसळून जातो.

आता दृश्य नेमकं कसं पकडायचं ते. घराचा आकार जमिनीवर चुन्याच्या फक्कीने आखा. जिथे दिवाणखाना येणार तिथे खुर्ची टाकून सकाळी, भरदुपारी आणि दिवेलागणीला बसा. खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून पावणेचार-चार फुटांवर असते. पडवीला साडेतीन फूट उंचीचा भरीव कठडा घातला तर बसल्यावर खालचं पाणी झाकलं जाईल आणि आभाळच तेवढं उरेल. तिथे बारीक गजांचा कठडा हवा. जोतं दोन-तीन फूट उंच असेल तर तेवढ्या उंचीचा मचाण बांधून पुन्हा बघा. समोर जांभूळ किंवा हिरडा आडवा येतोय म्हणून तोडू नका. त्याच्या खोडांमधून दिसणारं पाणी जास्त खोल, जास्त जवळचं वाटतं, आणि त्याची मुळंच तुमचा उतार धरून ठेवतात. प्रत्येक खोलीला मोठं दृश्य द्यायचा हट्टही सोडा. झोपायच्या खोलीला उगवतीची एक छोटी खिडकी पुरे. सगळीकडून सगळं दिसत राहिलं की नजरेला त्याचं अप्रूप राहत नाही.

रात्रही त्या दृश्याचाच भाग आहे. मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला घाटात काजवे चमकतात. नर-माद्या त्या उजेडावरच एकमेकांना शोधतात. बागेत रात्रभर फ्लडलाइट जळत असतील तर त्यांना ते जमत नाही. पायवाटेपुरते खाली वळलेले, मंद पिवळे दिवे लावा आणि झोपताना तेही बंद करा.

पोहण्याच्या तलावाचा मोह असेल तर आधी हिशेब मांडा. 30 फूट लांब, 12 फूट रुंद आणि साडेचार फूट खोल तलावात सुमारे 45,000 लिटर पाणी मावतं, आणि उन्हाळ्यात त्यातलं रोज शे-दोनशे लिटर नुसतं वाफ होऊन जातं. खालच्या वाडीला एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागत असेल, तर तो तलाव तुम्ही बांधू नये. त्याऐवजी छपराचं पाणी टाकीत साठवा, बाकीचं जमिनीत मुरवा.

शेवटी, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना भेटा. कोणता ओहोळ कुठून धावतो, कोणत्या बाजूने माती सुटते, गुरांची वाट कोणती, हे त्यांना विचारा आणि त्यांचं म्हणणं लिहून आर्किटेक्टला द्या. कंटूर सर्व्हे आणि माती परीक्षण कराच, पण या माणसांना विचारल्याशिवाय ते कागद पुरे समजू नका. या वर्षी जमीन घेतली असेल तर बांधकामाचा करार पुढच्या दिवाळीनंतर करा. दरम्यानच्या जून ते सप्टेंबरात दर महिन्याला एकदा तिथे जा, पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं ते फोटो काढून ठेवा. घर एक वर्ष उशिरा उभं राहील, एवढंच. पण कापलेला डोंगर पुन्हा जोडता येत नाही, तेव्हा एवढं कराच.