वंध्यत्वावर मोफत उपचार, पण हरवलेल्या वर्षांचे काय?

बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात सप्टेंबर 2023 मध्ये आययूआय आणि आयव्हीएफ उपचारांची मोफत सुविधा सुरू झाली. असे उपचार विनामूल्य देणारे गोवा हे देशातील पहिले राज्य असल्याचे सरकारने त्या वेळी सांगितले. खासगी केंद्रात आयव्हीएफच्या एका आवर्तनाला औषधांसह दीड-दोन लाख रुपये, कधी त्याहूनही अधिक खर्च येतो आणि पहिल्याच प्रयत्नात यश येईल याची हमी कोणीही देत नाही. दागिने गहाण टाकून वा कर्ज काढून उपचार घेणाऱ्या कुटुंबांसाठी ही सुविधा मोठा आधार आहे, यात शंका नाही. मात्र या केंद्राच्या दारापर्यंत जोडपी किती उशिरा पोहोचतात, या प्रश्नाची चर्चा क्वचितच होते. वंध्यत्वाच्या उपचारात पैशाची तजवीज करता येते, गेलेले वय परत आणता येत नाही.

या विषयाची सांगड अनेकदा राज्याच्या घटत्या जन्मदराशी घातली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) गोव्याचा एकूण प्रजनन दर 1.3 आहे. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो सुमारे 2.1 असावा लागतो. शेजारच्या महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तो 1.7 आहे. परंतु कमी प्रजनन दर म्हणजे वंध्यत्व नव्हे. उशिरा होणारे विवाह, एकाच अपत्याचा निर्णय, शिक्षण, महाग झालेली घरे आणि स्थलांतर ही त्यामागची मुख्य कारणे आहेत. मूल नको असणारे वा एकावर थांबणारे जोडपे आणि मूल हवे असूनही न होणारे जोडपे यांचे प्रश्न वेगळे आहेत. दुसऱ्याला लोकसंख्येच्या आकडेवारीपेक्षा वेळेवर झालेल्या निदानाची गरज असते.

नियमित आणि कोणत्याही संततिनियमनाविना शरीरसंबंध असूनही एक वर्षात गर्भधारणा झाली नाही, तर त्याला वैद्यकशास्त्र वंध्यत्व म्हणते. स्त्रीचे वय 35 च्या पुढे असल्यास सहा महिन्यांनंतरच तपासणी सुरू करावी, असा संकेत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दर सहा व्यक्तींपैकी सुमारे एकीला आयुष्यात कधी ना कधी या अडचणीला सामोरे जावे लागते. इतकी सामान्य असलेली ही समस्या घराघरांत मात्र कुजबुजीचाच विषय राहिली आहे.

स्त्रीच्या बाजूने पाहिल्यास बीजांड नियमितपणे तयार होऊन बाहेर न पडणे हे सर्वांत जास्त आढळणारे कारण आहे आणि त्यामागे बहुधा पीसीओएस असतो. थायरॉईड किंवा प्रोलॅक्टिन या संप्रेरकांतील बिघाडानेही हेच होते. दुसरे कारण गर्भनलिका बंद असणे. जंतुसंसर्ग, असुरक्षित गर्भपात यांच्या जोडीला भारतात जननेंद्रियांचा क्षयरोग हे त्याचे महत्त्वाचे कारण आहे. हा क्षयरोग खोकला वा ताप न दाखवता वर्षानुवर्षे दडून राहतो आणि नलिकांची कायमची हानी करतो. पाळीच्या वेळी असह्य वेदना देणारा एंडोमेट्रिओसिस ‘पाळीत दुखायचेच’ या समजुतीपायी दुर्लक्षित राहतो. काही गाठींमुळे गर्भाशयाच्या पोकळीचा आकारच बिघडतो. या सर्वांवर वयाचा परिणाम होतो. पस्तिशीनंतर बीजांडांची संख्या आणि गुणवत्ता वेगाने घटू लागते.

पुरुषाच्या बाजूची कारणेही कमी नाहीत. जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषातील दोष एकट्याने किंवा स्त्रीमधील दोषासोबत कारणीभूत असतो. शुक्राणूंची संख्या वा हालचाल कमी असणे, वृषणाभोवतीच्या शिरा फुगणे, वाहिनीत अडथळा, वयात आल्यानंतर झालेल्या गालगुंडाचा वृषणांवर परिणाम, तंबाखू, अतिमद्यपान, भट्टीजवळ तासन्‌तास काम अशी ही यादी आहे. व्यायामशाळांमधून शरीर कमावण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांची त्यात अलीकडे भर पडली आहे. बाहेरून दिलेल्या या संप्रेरकामुळे शरीर स्वतःची शुक्राणूनिर्मितीच थांबवते, हे ती घेणाऱ्या अनेक तरुणांना ठाऊक नसते.

तरीही तपासणीची सुरुवात बहुतेक घरांत सुनेपासून होते. देवळात कौल लावला जातो, नवस बोलले जातात, तिच्या सोनोग्राफी आणि रक्ततपासण्या होतात. पतीची वीर्यतपासणी मात्र सर्वांत स्वस्त, सर्वांत सोपी आणि वेदनारहित असूनही शेवटी होते, किंवा होतच नाही. ‘वांझ’ हा शब्द मराठीत स्त्रीसाठी सहज वापरला जातो. पुरुषासाठी जो शब्द वापरतात, तो वंध्यत्व आणि नपुंसकत्व यांची गल्लत करणारा आहे. ही गल्लतच पुरुषाला प्रयोगशाळेपासून दूर ठेवते. वास्तविक शरीरसंबंधांत कोणतीही अडचण नसलेल्या पुरुषातही शुक्राणूंचा अभाव असू शकतो.

गोव्याच्या बाबतीत आणखी एक घटक ध्यानात घ्यावा लागतो. जहाजांवर आणि आखाती देशांत नोकरी करणाऱ्यांची संख्या येथे मोठी आहे. सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर गेलेला पती घरी असतो तो मोजके आठवडे. अशा जोडप्याच्या लग्नाला तीन वर्षे झाली, तरी एकत्र सहवास जेमतेम काही महिन्यांचा असतो. काहींवर या हिशोबामुळे उगाच वंध्यत्वाचा शिक्का बसतो, तर काहींचा खरा दोष ‘तो घरी नसतो म्हणून’ या स्पष्टीकरणाखाली झाकला जातो. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे रजेत सुरू केलेल्या औषधाचा परिणाम दिसेपर्यंत पुढच्या सफरीची वेळ आलेली असते. रजेच्या पहिल्याच आठवड्यात वीर्यतपासणी आणि गरज असल्यास निघण्यापूर्वी शुक्राणू गोठवून ठेवण्याची सोय एवढ्याने अशा कुटुंबांची दोन-तीन वर्षे वाचू शकतात.

निदान वेळेत झाले, तर अनेकांना आयव्हीएफची गरजच भासत नाही. पीसीओएस असलेल्या स्थूल स्त्रीने वजन पाच ते दहा टक्के घटवले, तरी अनेकदा बीजांड पुन्हा नियमित बाहेर पडू लागते. त्याने भागले नाही तर लेट्रोझोलसारख्या गोळ्या आहेत. थायरॉईडचा दोष औषधाने आटोक्यात येतो. शुक्राणूंत किरकोळ दोष असल्यास किंवा कारणच सापडत नसल्यास आययूआय, म्हणजे प्रक्रिया केलेले वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याचा उपाय करता येतो. दोन्ही नलिका बंद असतील, शुक्राणू अत्यल्प असतील वा वय हातातून निसटत असेल, तेव्हा आयव्हीएफ आणि त्यातील इक्सी ही पद्धत येते. इक्सीत एकच शुक्राणू बीजांडात सोडला जातो. त्यामुळे वीर्यात शुक्राणू न आढळणाऱ्या काही पुरुषांनाही वृषणातून मिळवलेल्या शुक्राणूंच्या साहाय्याने पिता होता येते.

आयव्हीएफच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. पस्तिशीच्या आतील स्त्रीमध्येही एका प्रयत्नात मूल होण्याची शक्यता साधारणपणे निम्म्याहून कमी असते. स्वतःच्या बीजांडांनी चाळिशीनंतर ती दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली येते. बीजकोषांना अतिउत्तेजन मिळून प्रकृती बिघडण्याचा, जुळ्या गर्भांमुळे अकाली प्रसूतीचा धोका असतो. जाहिरातींच्या फलकांवरील हसऱ्या बाळाच्या छायाचित्राखाली हे आकडे नसतात.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा चावडा हिचा जन्म झाला, तो महापालिकेच्या रुग्णालयात. त्याआधी 1978 मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे साध्य केले होते, पण त्यांच्या वाट्याला आयुष्यभर अविश्वास आला. सरकारी संस्थांच्या आधाराने येथे रुजलेले हे तंत्र पुढे जवळजवळ संपूर्णपणे खासगी बाजारपेठेच्या हाती गेले. बांबोळीचा प्रयोग त्याला पुन्हा सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत आणतो, हे त्याचे खरे महत्त्व आहे.

बाजारपेठेला शिस्त लावणारा कायदाही आता आहे. जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या साहाय्यभूत प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार प्रत्येक केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय 21 ते 50 आणि पुरुषाचे 21 ते 55 असावे लागते. बीजांडदान आयुष्यात एकदाच करता येते. त्याच सुमारास आलेल्या सरोगसी कायद्याने व्यावसायिक सरोगसीवर बंदी घातली आहे. उपचार सुरू करण्यापूर्वी केंद्राचे नोंदणी प्रमाणपत्र पाहणे आणि खर्चाचा लेखी तपशील मागणे हा रुग्णाचा अधिकार आहे.

पुढचे पाऊल मात्र बांबोळीबाहेर पडायला हवे. काणकोण, पेडणे वा सत्तरीतील जोडप्याला पहिल्या तपासणीसाठी राजधानीच्या वेशीपर्यंत यावे लागू नये. वीर्यतपासणी, थायरॉईड आणि प्रोलॅक्टिनची चाचणी, सोनोग्राफी आणि क्षयरोगाचा संशय घेण्याची सवय एवढे तालुका आणि जिल्हा पातळीवर सहज शक्य आहे. पती आणि पत्नी दोघांच्या नावाने एकच केसपेपर निघावा आणि दोघांची तपासणी एकाच दिवशी व्हावी, असा साधा नियम केला, तरी सुनेवर एकटीवर येणारा भार हलका होईल. सोबत समुपदेशक असावा, कारण उपचार कोठे थांबवायचे आणि दत्तक विधानाचा विचार केव्हा करायचा, हेही कोणीतरी आपुलकीने सांगावे लागते. दत्तक प्रक्रियेतही प्रतीक्षा मोठी आणि वयाची मर्यादा असल्याने तो विचार सर्व मार्ग संपल्यावर करणे अनेकदा उशिराचे ठरते.

मोफत आयव्हीएफ ही उपचारांची शेवटची पायरी आहे. सरकारने ती बांधली, हे चांगले झाले. पहिली पायरी गावाजवळ आली, तर या शेवटच्या पायरीपर्यंत येणाऱ्यांची संख्या कमी होईल आणि जे येतील, त्यांच्या हाती प्रयत्नासाठी पुरेसे वय शिल्लक असेल.